मावसाजींचा समुद्रावरचा फराळ

आमच्या गोंदिया जिल्ह्यात भूक लागल्यावर खाणारी माणसं घरोघरी सापडतील. पण भूक लागेल या नुसत्या संशयावरून तयारीला लागणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझे मावसाजी. आईच्या धाकट्या बहिणीचे यजमान. देवरीकडे धानाची शेती, गोंदियाला लागून कुडव्यात घर, आणि या दोहोंच्या मध्ये कायम धावणारी एक स्कूटर. त्या स्कूटरच्या डिक्कीत मी कधी गाडीचे कागद पाहिले नाहीत, पाना-पेचकस पाहिला नाही. स्टीलचा डबा मात्र कधी चुकला नाही. नागपूरला लग्नाला जायचं असो की चौकात दाढी करायला, मावसाजींचा डबा बरोबर असतोच. लग्नात जेवण असतंच ना, असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "जेवन राहते गा, पण कवा राहते? नवरदेव नाचून राहिला असंन तं तू काय त्याले खाशीन?"

त्यांच्या लेखी जगातल्या पदार्थांच्या जाती दोनच, टिकणारे आणि दगा देणारे. कांदा दगाबाजांचा पुढारी. ओली चटणी त्याची बहीण. उकडलेला बटाटा सकाळी सज्जन असतो, पण दुपारनंतर त्याची खात्री देता येत नाही. उलट जवसाची कोरडी चटणी, मुर्ऱ्याचा, म्हणजे मुरमुऱ्यांचा, चिवडा, पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या तिखट पुऱ्या, छत्तीसगडकडून आमच्याकडे आलेली बेसनाची खारी ठेठरी, या मंडळींबद्दल ते जवळच्या नातलगांबद्दल बोलावं तसं बोलतात. कोणताही नवा पदार्थ प्रवासाला लायक आहे की नाही, हे ठरवायला त्यांची परीक्षा असते. तो डब्यात भरून, डबा डिक्कीत टाकून स्कूटर दिवसभर उन्हात उभी करायची आणि संध्याकाळी वास घ्यायचा. एकदा माझ्या आईनं मोठ्या हौसेनं सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, करून पाठवली. मावसाजींनी ती दोन दिवस डिक्कीत ठेवली आणि तिसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, "ताई, वडी एक दिवस पास आहे, दुसऱ्या दिवशी नापास." आई पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही.

त्यांच्या या विश्वासाला बळ मिळालं ते देवरीहून येणाऱ्या बसमुळे. भर जंगलात बस बंद पडली. पुढेमागे गाव नाही, फोनला नेटवर्क नाही, लहान मुलं रडायला लागलेली. मावसाजींनी पिशवी उघडली आणि अख्ख्या बसला खाऊ घातलं. ड्रायव्हर बसखाली आडवा होता, त्याचे हात काळे, म्हणून त्याला वाकून भरवलं. कंडक्टर चिवड्याची शेवटची मूठ तोंडात टाकत म्हणाला, "काका, तुम्ही असले का बस रोज बंद पडली तरी चालते." हा प्रसंग मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे आणि दर वेळी बसमधली माणसं थोडी वाढलेली असतात.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हे सगळं करायची मावशी. मावसाजी फक्त परीक्षा घ्यायचे. ती पहाटे उठून पुऱ्या लाटायची, भाजायची, तळायची, आणि हे पलंगावर बसून निकाल द्यायचे. मावशी कधी चिडली नाही. "लेकरासारखे आहेत," एवढंच म्हणायची आणि दुसरा घाणा टाकायची. तिला स्वतःला काय आवडतं, हे मला आज आठवून सांगता येणार नाही. मला वाटतं तेव्हा मावसाजींनाही सांगता आलं नसतं.

मग मावशीला टायफॉइड झाला. ताप बरेच दिवस रेंगाळला आणि एकदाचा गेला, पण जाताना तिची भूक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "आता पथ्य काहीच नाही, जे खावंसं वाटेल ते द्या." पण खावंसंच वाटेना. दोन घास झाले की ताट सरकवायची. "तोंडाले चवच नाही जी," म्हणायची. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत जायला लागल्या. त्यांची मुलगी पुण्याला. ती येऊन राहून गेली, तिनं तऱ्हेतऱ्हेचं करून पाहिलं, पण फरक नाही. मावसाजी पलंगावरून उठले ते त्या काळात. सत्तरीच्या माणसानं पहिल्यांदा कणकेत हात घातला. पहिल्या पुऱ्या इतक्या कडक झाल्या की मावशी म्हणाली, "ह्या तं पुढच्या वर्षीपर्यंत टिकतीन." त्यांना ती शाबासकी वाटली.

एका दुपारी मी गेलो तेव्हा टीव्हीवर समुद्र दाखवत होते. मावशी बराच वेळ पाहत होती. मग स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "एकदा पाहून यावं वाटते." आजारपणानंतर 'वाटते' हा शब्द तिच्या तोंडून प्रथमच आला होता. मावसाजींनी टीव्हीचा आवाज बंद केला. त्यांनीही जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. माझ्याकडे वळून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाबू, तिथं बसाले वाळूच राहते ना?"

जगन्नाथपुरीला जायचं ठरलं. गोंदियाहून गाडीत बसलं की झालं, जगन्नाथाचं दर्शनही होईल. सोबत मी. पण मावसाजींना देवाची काळजी नव्हती आणि गाडीचीही नव्हती; त्यांना काळजी होती वाळूची आणि वाऱ्याची. डिक्कीच्या परीक्षेत वाळूचा विषय कधी आला नव्हता. म्हणून एका रविवारी आमची वरात शेतावरून बाघ नदीच्या पात्रात उतरली. पाणी आटून एका बाजूला गेलं होतं, बाकी सगळी वाळू. मावशीला पळसाच्या सावलीत खुर्ची दिली. मावसाजींनी चादर अंथरली, डबे उघडले आणि माझ्या हातात धान पाखडायचं सूप दिलं.

"हे कायले?" मी विचारलं.

"हवा कर. समुद्रावर हवा राहते."

मी सूप हलवलं. "असं नाही गा! समुद्राची हवा का अशी लाजून येते? जोरानं हालव!" मी जोरानं हलवलं. वाळू उडाली आणि एकेक पदार्थ पारखला गेला. तिळाच्या लाडवाला वाळू चिकटली, तो बाद. शंकरपाळ्याला साखर होती, तोही बाद. चकली हातात फिरवून पाहत ते म्हणाले, "ही लबाड आहे. हिच्या आतल्या घरात वाळू लपते." तिखट पुरी झटकली की साफ होते म्हणून पास, ठेठरी पास. मुर्ऱ्याचा चिवडा वाऱ्यानं उडून नदीकडे निघाला. त्याच्यामागे मावसाजी धावले, परत आले, विचार करत उभे राहिले, आणि त्यांनी चिवडा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून, मान मागे टाकून सरळ तोंडात ओतून दाखवला. ठसका लागला. मुरमुरे नाकातून आले.

आणि मावशी हसली. आवाज करून, पदर तोंडाशी धरून हसली. कित्येक दिवसांत आम्ही तो आवाज ऐकला नव्हता. मावसाजी ठसका विसरून तिच्याकडे पाहत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "हालव, आणखी हालव," आणि त्यांनी पुन्हा बाटली तोंडाला लावली. त्या दिवशी मावशीनं अर्धी पुरी खाल्ली.

त्या अर्ध्या पुरीच्या भरवशावर पुढची सगळी तयारी झाली. निघण्याआधी दोन दिवस कुडव्याच्या घरातून तळणाचा वास गेला नाही. मावशी स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसून सांगायची, "मोहन जास्त झालं... आच कमी करा जी... जिरं हातावर चोळून घाला." मावसाजी निमूटपणे करायचे. पुऱ्या गार झाल्याशिवाय झाकण लावायचे नाहीत, डब्याच्या तळाशी कागद घालायचे, वर पुन्हा कागद. गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "भाईसाब, कहीं दुकान लगाने जा रहे हो क्या?" ते म्हणाले, "नहीं, मिसेस को समुंदर दिखाने." आणि त्या बाईंच्या हातावर ठेठरी ठेवली. रायपूर गेलं, पुढं ओडिशा लागला. त्यांनी थोड्या थोड्या वेळानं मावशीपुढे डबा धरायचा, तिनं "मागून खातो" म्हणायचं, त्यांनी झाकण लावायचं. प्रत्येक वेळी झाकण थोडं अधिक हळू लागत होतं.

पुरीला दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाळूवर पोचलो. मावसाजी कमरेवर हात ठेवून समुद्रासमोर उभे राहिले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "नवेगावबांधाच्या तलावापेक्षा मोठा आहे, मानलं." मावशी लाटांकडे पाहत होती. चादर अंथरली गेली, चार कोपऱ्यांवर चपला आल्या, मावसाजी वाऱ्याकडे पाठ करून भिंतीसारखे बसले आणि डबे उघडले.

"थोडी पुरी खा वो."

"नको जी."

"ठेठरी? नरम केली आहे तुझ्यासाठी."

"नको वाटते."

गुळाची पुरी झाली, चटणी झाली, बाटलीतला चिवडा झाला. मावशीला त्यांचं मन मोडायचं नव्हतं. तिनं पुरीचा तुकडा घेतला, तोंडाजवळ नेला आणि परत ठेवला. मावसाजींचा चेहरा मला पाहवेना. मी समुद्राकडे पाहायला लागलो.

तेवढ्यात गळ्यात पत्र्याचा डबा अडकवलेला एक म्हातारा फेरीवाला समोरून गेला. डब्यात मुरमुरे, बाजूला छोट्या वाट्यांत चिरलेला कांदा, मिरची, उकडलेला बटाटा, खोबऱ्याचे काप. मोहरीच्या तेलाचा वास आमच्यापर्यंत आला. मावशीनं मान वळवली.

"ते काय विकून राहिला तो?"

"मुर्रा आहे," मावसाजी म्हणाले. "आपल्यापाशीही आहे ना! घरचा आहे."

"तो तुमचा आहे जी. मले त्याचा पाहिजे."

कांदा, उकडलेला बटाटा, उघड्यावरचं तेल, अनोळखी हात. मावसाजींच्या सगळ्या वैऱ्यांनी एका डब्यात येऊन संमेलन भरवलं होतं. ते क्षणभर मावशीकडे पाहत राहिले. मग उठले आणि वाळूतून त्या माणसाच्या मागे निघाले. चपला चादरीच्या कोपऱ्यावरच राहिल्या.

मी मागोमाग गेलो. मावसाजींनी चौकशी सुरू केली होती. कांदा कधी चिरला, बटाटा सकाळचा की रात्रीचा, पाणी कुठलं, हात कशानं धुतले. म्हाताऱ्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबू, खाना है कि रिश्ता करना है?"

मावसाजींनी चादरीकडे बोट दाखवलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "घरवाली को खाने का मन हुआ है. बहुत दिन बाद हुआ है." म्हाताऱ्यानं एकदा चादरीकडे पाहिलं. मग त्यानं डबा गुडघ्यावर टेकवला, ताजा कांदा काढून बारीक चिरला, आपल्या जवळच्या पाण्यानं हात धुतले आणि सावकाश, मन लावून कालवून पुडी दिली.

ती पुडी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून, वर खांद्यावरचा दुपट्टा झाकून मावसाजी परत आले. मावशीनं चिमूट तोंडात टाकली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिनं दुसरी चिमूट घेतली, मग मूठ घेतली. मिरची लागली, डोळ्यांत पाणी आलं, नाक पुसत ती खात राहिली. वाऱ्यानं थोडी वाळू उडून पुडीत गेली. मावसाजी घाबरून म्हणाले, "वाळू गेली वो, टाकून दे." ती म्हणाली, "जाऊ द्या ना." पुडी रिकामी झाल्यावर तिनं ती उलटी करून झटकली आणि नव्या सुनेसारखी लाजत म्हणाली, "आणखी एक आनता का? तिखट जास्त सांगा."

मावसाजी धावले. सत्तरीचा माणूस वाळूत जितका धावू शकतो तितके धावले.

दुसरी पुडी तिच्या हातात देऊन ते माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "इतके साल मी तिले 'हे खा, ते खा' म्हणत आलो. 'तुले काय पाहिजे' म्हणून नाही इचारलं गा कधी." मी एक ठेठरी उचलली आणि खात राहिलो. ती खरोखर नरम झाली होती.

त्या पुडीनं चमत्कार केला असं मी म्हणणार नाही. भूक हळूहळूच आली, घरी परतल्यावर, रोज थोडी थोडी. बांगड्या मनगटाजवळ थांबायला लागल्या. आता मावशी बरी आहे. मावसाजींचे गुडघे मात्र धरले आहेत आणि स्कूटर बरेचदा अंगणातच उभी असते. पुन्हा एकदा समुद्रावर जाऊ, असं दोघं अधूनमधून म्हणतात. ते होईल असं आता मला फारसं वाटत नाही, आणि बहुधा त्यांनाही वाटत नसावं.

मला मात्र ती दोघं आठवतात ती त्या दिवशी निघायच्या आधीची. मावशी पाण्यापर्यंत चालत गेली होती. तिनं मागे वळून हाक मारली, तसे मावसाजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गेले. लाट आली, पायांखालची वाळू सरकली आणि मावशीनं त्यांचा हात धरला. माझ्यासमोर तिनं तो कधी धरला नव्हता. लाट परत गेली, तरी सोडला नाही.

"पल्याड काय असंन जी?" तिनं विचारलं.

"मले नाही मालूम," मावसाजी म्हणाले.

आणि दोघं तिकडे पाहत उभी राहिली.