कोऱ्या पानावरची सही

पंचायतीच्या सभेच्या वहीत कोऱ्या पानावर सही केली ती मीच. कुणी हात धरून करवून घेतली नव्हती. उलट किती वळणदार आली म्हणून ती दोनदा निरखून पाहिली, आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. तेविसावं वर्ष, सातवी पास आणि बायकांसाठी राखलेल्या जागेवर निवडून आलेली. डोक्यात हवा शिरायला आणखी काय लागतं?

मतदानाला माझ्यापुढे रांगेत आमच्या दारी मासळी घालणारी म्हातारी होती. चिंचेने हात घासघासून तिने लाल केले होते. विचारलं तर म्हणाली, "तुझ्या नावाच्या कागदाक म्हावऱ्याचो वास नको, वयनी." मला फार गोड वाटलं. त्यातून माझ्यावर काही जबाबदारी येते, हे मात्र सुचलं नाही.

पंचायतीला कचेरी नव्हती. सभा देवळाच्या मंडपात भरे. सरपंच माझे थोरले दीर, एकाच घरात राहणारे. महिन्याचे चार दिवस मी मागच्या पडवीत बाजूला बसले की साऱ्या घराला कळायचं. त्या दिवसांत देऊळ नाही, वहीला शिवणं नाही. तीन-चार महिन्यांत सभा नेमक्या त्याच दिवसांत पडू लागल्या. मी शहाणी, स्वतःच्याच नशिबाला बोल लावत बसले. दीर हळहळून म्हणाले, "तुझ्यापायी गावाचा काम अडूक नये गो. आधीच सही करून ठेव." मी ठेवली. गावासाठी झिजतो आहोत असंही वाटून घेतलं.

त्या सहीवर किनाऱ्याची वाळूची पट्टी 'पडीक' ठरली आणि दिरांच्या मेव्हण्याला माड लावायला मिळाली. म्हातारी आणि तिच्या वाडीतल्या बायका तिथेच बांगडे सुकवायच्या. पावसाळ्याचे चार महिने त्यावरच निघायचे. ठराव सर्वानुमते. खालच्या सह्यांत माझी सगळ्यांत सुबक.

वाळूभोवती कुंपण घातलं गेलं तेव्हा मला कळलं. ताटावर बसलेल्या दिरांना विचारलं. "सही तुझीच आसा ना?" म्हणाले, आणि वाटी पुढे केली. मी कढी वाढली. शेजारच्या देशांत लष्कराने सत्ता घेतल्याच्या बातम्या पुढे रेडिओवर लागत, आणि घरातली माणसं चुकचुकत. आमच्या गावाला रणगाडा लागला नाही. एक सासुरवाशीण पुरली.

दुसऱ्या दिवशी म्हातारी मागील दारी आली. मी सगळं सांगितलं, अगदी चार दिवसांचंसुद्धा. तिने ऐकून घेतलं, पाटी डोक्यावर चढवली आणि म्हणाली, "सभेक तू गेलंस नाय. मगे मी दिलेला मत खंय गेला गो? परत मत मागूक येशीत, तेव्हा मी हात धुवचंय नाय."