जित्याचा दहावा

हे मी कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बहिणीची मुलगी मी वाढवली, तिची लेकरं मला आजी म्हणतात, रोज नवी थाप ऐकायला मागतात—त्यांच्याही नाही. थापा मला छान जमतात. त्यातली एक फारच छान जमली, तेच सांगायचंय—पण आधी घराचं सांगते. घराचं सांगायला सोपं जातं.

मी तेव्हा पंचविशीतली. अंगानं काडी, अक्कल त्याहून बारीक, आणि तोरा मात्र पाटलिणीचा. नवरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला तो तिकडंच राहिला. टोळीतली माणसं परत आली, म्हणाली—धडधाकट आहे, दुसरी बाई केलीय. युसूफ वडगावला, सासरच्या घरात, सासू आणि मी, दोघीच उरलो. वर्षभर तिनं मला सांभाळलं. मग पाऊस दुसऱ्यांदा हुकला, तेव्हा घरातली अर्धी ज्वारी माझ्या गाठोड्यात बांधून म्हणाली, "जा पोरी माहेरी. हितं माझ्यासंगं उपाशी मरशील."

माहेर घाटनांदूरला. भावाच्या ओसरीत, कणगीमागं माझं अंथरूण. भावजय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या वन्सं पाहुण्या आल्यात, पर जायचं इसरल्यात." लोक हसायचे. मीही हसायची—आणि मग कणगीमागं जायची. दुष्काळी कामावर खडी फोडायला लागले. दिवसभर हातोडा, दुपारी खायला वाटलेली सुकडी, आणि डोक्यात एकच—आतून कडी लावता येईल असं दार. माझं. बाकीच्या बाया पगार झाला की रेशनची तांबडी मिलो ज्वारी घ्यायच्या, लेकरांना गोळ्या घ्यायच्या. मी सुकडीवर दिवस काढायची. गावात घरं बांधायची सहकारी सोसायटी निघाली होती. सभासदाला गावाबाहेर जागा देणार होती. पहिल्या हप्त्यापुरतं साठलं, तशी मी गेले. सेक्रेटरी भला माणूस. म्हणाला, "बाई, नवऱ्याची सही लागंल. वारला आसंल तर दोन साक्षीदार आणा."

सही कुठून आणू? दुसरी गोष्ट मात्र माझ्या हातातली होती.

आता खुशाल हसा. नवरा कशानं मारावा याचा मी चार दिवस विचार केला, आमटीत काय घालावं तसा. विहिरीत ढकलला तर प्रेत कुठंय विचारतील. साप चावला म्हणावं तर कोण मांत्रिक होता विचारतील. कॉलरा बरा पडला. कॉलऱ्याचं तिकडंच उरकतात, इकडं काही आणावं लागत नाही. कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या—फोडल्या नाहीत, चांगल्या होत्या—आणि खडीवर जाऊन बसले. बाया गळ्यात पडून रडल्या. त्यातल्या दोघींनी सोसायटीत अंगठे दिले. त्या खोटं बोलल्या नाहीत, त्यांना खरंच वाटत होतं. भावानं खोदून विचारलं नाही. त्याची ओसरी मोकळी होत होती.

इथवर तुम्ही माझ्या बाजूनं असाल. असाल ना? एक पळपुटा नवरा मारला—कुणाचं काय गेलं?

त्याला आई होती. ती त्या चार दिवसांत माझ्या डोक्यात आलीच नाही, असं मी स्वतःला सांगत आले. आली होती. मी तिला बाजूला सरकवली.

बातमी बाजाराच्या दिवशी युसूफ वडगावला पोचली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी सासू खडीच्या ढिगाशी उभी. पाय फुटलेले, लुगड्याचा काठ धुळीनं माखलेला. आधी माझ्या कपाळाकडं बघितलं.

"खरं हाय का, गोदा?"

हातोडे थांबले. अंगठा देणाऱ्या दोघी बाजूलाच बसलेल्या. खरं बोलले तर जागा जाणार, त्या दोघी खोट्यात सापडणार, आणि मी परत कणगीमागं.

"हाय," मी म्हणाले.

ती खाली बसली. म्हणाली, "शेवटाला पानी मागितलं आसंल त्यानं. कुनी पाजलं का?" मग काय, मी पाजलं. एक म्हातारा मुकादम उभा केला, त्याच्या हातात तांब्या दिला, त्याला दोन शब्द धीराचेही बोलायला लावले. "लई बरं झालं," ती म्हणाली, आणि माझाच हात धरला. "कावून रडतीस? तू तरणी हाईस." मी रडत नव्हते. मान खाली घालून पुढची थाप जुळवत होते.

दहावा तिनंच घातला. नदी कोरडी. पिंड मांडला, आणि कावळा फांदीवर बसून राहिला—येईना. जित्या माणसाच्या पिंडाला कसा येईल? लोक कावळ्याकडं बघायचे, मग माझ्याकडं. मला वाटलं, आता हा पक्षी बोलणार. तेवढ्यात सासूनं हात जोडले. "बाबा, बायकोत जीव गुतला आसंल तर सोड. गोदाला मी अंतर देनार न्हाई." आणि कावळा शिवला. दुष्काळातला कावळा, भुकेला होता बिचारा. हे आज सुचतं. त्या दिवशी माझी दातखीळ बसायची बाकी होती.

तिनं शब्द पाळला. माझं घर उभं राहताना येऊन माती तुडवली, भिंती लिंपल्या. मग मीच म्हटलं, आत्याबाई, राहा इथंच. लोक म्हणाले, सून असावी तर अशी. अहो, मला ती नजरेखाली हवी होती. टोळ्या परतायच्या दिवसांत मी तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसे—ऊन लागेल म्हणायची.

हेही नव्हतं सांगायचं. म्हणजे, हेच नुसतं नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी एक टोळीवाला माझ्या भावाचं नाव सांगत माझं घर विचारत आला. पाली गावचा होता, आमच्यातलं कुणी त्याच्या ओळखीचं नाही. मी पदर कपाळावर ओढून अंगणातच त्याला गाठला. म्हणाला, "तुमचे मालक आमच्या टोळीत हायेत. ती बाई गेली सोडून. आईची लई याद काढतेत. येऊ का म्हनून इचारलंय."

सासू आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज अंगणात येत होता. मी नुसतं "आत्याबाई" म्हणून हाक मारली असती—एक हाक. सोसायटीनं काय केलं असतं? घर घेतलं असतं? दंड केला असता? कुणास ठाऊक, मी कधी कुणाला विचारलंही नाही. मला फक्त त्या चार भिंती दिसत होत्या, आणि भावजयीचं तोंड.

"त्याला सांग," मी म्हणाले, "आई वारली. दुष्काळातच गेली. आता येऊन कुनाला भेटतोस म्हनावं."

तो चुकचुकला. पाणी प्यायला—तिनंच सकाळी भरलेलं—आणि गेला. आतून तिनं विचारलं, "कोन हुतं गं?" मी म्हटलं, "वाट चुकला हुता."

नवरा आला नाही. सासू त्यानंतर अकरा वर्षं जगली, माझ्या घरात, माझ्या हातचं खाऊन. जाताना शुद्धीवर होती, चेहरा हसरा. म्हणाली, "आता भेटंल माझा बाळ." मी तिचे पाय चेपत होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तेव्हाही बोलले नाही.

तो माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. एव्हाना तोही गेला असेल. म्हणजे मायलेक भेटले असतील. आधी रडले असतील, मग कधी तरी एकमेकांना विचारलं असेल—मी मेले हे तुला कोण बोललं? मी मेलो हे तुला कोण बोललं?

दोघांनी एकच नाव घेतलं असेल. आणि आता मलाही तिकडंच जायचंय.