व्याह्यांना अडवायचं कसं

जगातली प्रत्येक वस्तू चुकीच्या जागी उभी आहे आणि ती हलवणं आपलं काम आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. स्वारगेटच्या डेपोत गाड्या लावण्या-सोडण्याचं काम करून निवृत्त झाले त्याला दहा वर्षं झाली, तरी बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत त्यांच्या संमतीशिवाय एकही स्कूटर उभी राहत नाही. आमच्या सत्यनारायणाला त्यांनी दाराबाहेरच्या सगळ्या चपला, कोण आधी निघणार याचा अंदाज बांधून, रांगेने लावून ठेवल्या. पाहुणे इतके झटपट निघाले की निम्मं मसाला दूध उरलं. मी कुरकुरलो तर म्हणाले, "गाडी वेळेवर सुटली म्हणून तक्रार करणारा तू पहिलाच."

अशा माणसाने या वयात स्नूकर शिकायला घेतलं ते व्याह्यांमुळे. त्यांच्या मुलीचे सासरे तरुणपणापासून खेळणारे. दर शनिवारी दुपारी ते काकांना चौकातल्या तळघरातल्या क्लबात घेऊन जात आणि हरवून परत आणत. दिवाळीनंतर ते मुला-सुनेबरोबर बंगळूरला राहायला जाणार होते. त्याआधी त्यांना एकदा तरी हरवायचंच, हे काकांनी फार मनावर घेतलं. मी खराडीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि सवड मिळेल तसा खेळतो, एवढ्याच भांडवलावर गुरू म्हणून माझी नेमणूक झाली.

"पांढऱ्या चेंडूने बाकीचे चेंडू टेबलाच्या कडेच्या भोकांत घालायचे," मी सुरुवात केली.

"ते कळलं रे. घातल्यावर पांढरा कुठे उभा राहणार?"

हा प्रश्न पडायला मला स्वतःला तीन वर्षं लागली होती. हात मागे बांधून काका टेबलाभोवती फिरत आणि "इथे लावलास तर पुढे निघणार कसा?" असं मलाच दरडावत. मग मी त्यांना खेळाची खरी मेख सांगितली. आपल्याला मारण्यासारखं काही नसलं की पांढरा एखाद्या दुसऱ्या चेंडूच्या आडोशाला नेऊन ठेवायचा. समोरच्याला जो चेंडू मारणं भाग आहे, त्याची वाटच बंद होते. नेम चुकला की दंडाचे गुण आपले. काका हरखले. महिन्याभरात ते मला असे काही कोंडू लागले की मी शिकवायचं सोडून सुटकेचे मार्ग शोधत असे.

आणि तरीही शनिवारी हरून येत. मला ते कोडं सुटेना, म्हणून एकदा मुद्दाम बघायला गेलो. आडोशाची सोपी संधी आली की काका पांढरा बरोबर मोकळ्या जागेत सोडत आणि "या" म्हणून अदबीने बाजूला होत. परतताना मी विचारलंच.

"अरे, मुलीचे सासरे आहेत ते. त्यांची वाट अडवू?"

"काका, लग्नाला बारा वर्षं झाली."

"म्हणून काय ते व्याही नाहीत?"

यावर मी काय शिकवणार? मला त्यांचा रागही आला आणि मायाही वाटली.

शेवटच्या शनिवारी टेबलावर गुलाबी आणि काळा, दोनच चेंडू उरले. व्याही थोडेसे पुढे होते. गुलाबी मारणं भाग होतं, पण तो भोकात जाण्यासारखा नव्हता. काका वाकले, उठले, काठीला खडू लावला, पुन्हा वाकले. हलक्या टोल्याने पांढरा गुलाबीला लागून परतला आणि काळ्याच्या मागे जाऊन टेकला.

"माफ करा हं," काका पुटपुटले.

व्याह्यांनी टेबलाला एक फेरी मारली. "माफी कसली? बारा वर्षं तुमच्याकडे मी पाटावरून खाली उतरलो नाही. आज उतरवलंत, बरं वाटलं."

त्यांचा नेम चुकला. काकांनी गुलाबी घातला, मग काळाही, आणि जिंकल्यावर कुठे बघावं ते न कळून खडू नीट जागेवर ठेवला.

आता शनिवारी काका टेबलाच्या कडेला फोन उभा करतात. बंगळूरहून व्याही खेळी सांगतात आणि काका ती त्यांच्या वतीने मारतात. स्वतःची खेळी ते झटकन उरकतात. व्याह्यांची मारताना मात्र दोनदा वाकून बघतात. परवा व्याह्यांच्या खेळीला पांढरा पुरता आडोशाला सापडला. काकांनीच अडवला होता. मग त्याला बाहेर काढायची वाट शोधत काका कितीतरी वेळ एकटेच टेबलाभोवती फिरत राहिले.