ओशट केस, ओले केस

मराठी माणसाला ओशट आणि ओलं यांतला फरक कळत नाही, हे मी माझ्या डोक्याच्या अनुभवावरून सांगते. केस कोरडे दिसले, लाव तेल. तुटले, लाव तेल. परीक्षेत मार्क कमी पडले तरी तेलच. माझी आई इंग्लंडात लेस्टरला नर्स होती. रुग्णाला हात लावायच्या आधी दहादा हात धुणारी बाई, पण माझ्या डोक्यापाशी आली की तिचं सगळं शास्त्र खोबरेलाच्या बाटलीत बुडून जायचं.

आई मराठी, वडील जमैकन आईबापांच्या पोटी लेस्टरलाच जन्मलेले. नाक मी आईचं घेतलं, केस वडिलांच्या घराण्याचे: दाट, बारीक, पेनातल्या स्प्रिंगसारखे. ओढले तर खांद्यापर्यंत येणारे आणि सोडले की कानापाशी परत जाणारे. मराठीत कुरळ्या केसांचं कौतुक पुष्कळ आहे, पण ते कपाळावर रुळणाऱ्या एखाद्या बटेपुरतं. माझ्याकडे बघून तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका हळहळायच्या, "हिच्या केसांना काही वळणच नाही गं!" ज्या केसांत वळणाशिवाय दुसरं काही नाही त्यांच्याबद्दल हे. त्या बायकांना मराठी येतं असं मी आजही मानत नाही.

माझं जावळ काढलं तेसुद्धा 'नंतरचे चांगले येतील' या आशेवर. नंतरचे तसेच आले.

मग सेकंडरी स्कूल सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत रिलॅक्सर आला. आई आणि आत्या यांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते माझे केस सरळ करण्यावर. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. जमैकन असली म्हणून काय झालं, मी तिला आत्याच म्हणते. दोघींचे देव वेगळे, जेवण वेगळं, एकमेकींच्या घरी गेल्या की चहासुद्धा अर्धा टाकायच्या. या कामात मात्र सख्ख्या बहिणी झाल्या. वडिलांना टक्कल होतं, त्यामुळे ते तटस्थ राहिले.

रिलॅक्सर म्हणजे आराम देणारा. नाव ठेवणाऱ्याच्या डोक्यावर तो एकदा लावायला हवा होता. पांढरं दाट क्रीम, वास तुंबलेलं सिंक मोकळं करायच्या औषधाचा, आणि काम साधारण तेच. आत्या हातमोजे घालायची. मला हातमोजे घालायला जागा नव्हती, माझं तर डोकंच होतं. आग होऊ लागली की ती म्हणायची, "टू मोअर मिनिट्स, बेबी." नंतर टाळूवर खपल्या धरायच्या, आणि त्या खपल्यांवर आई प्रेमाने तेल लावायची.

केस सरळ झाले, सगळे खूश झाले. पण मुळाशी नवे केस आपल्या मूळ स्वभावाचेच यायचे, म्हणून दर दोनेक महिन्यांनी पुन्हा तेच. आधी आत्या, मग सलून. सलूनमधल्या बायकांचा उर्मटपणा हा वेगळा विषय आहे. त्या माझ्या केसांना 'इट' म्हणायच्या, रोग असावा तसं. तिशीनंतर कानशिलांवरचे केस इतके विरळ झाले की खालची कातडी दिसू लागली, तेव्हा मी थांबले. मला अस्मितेचा वगैरे साक्षात्कार झाला नव्हता. टक्कल पडायची भीती वाटली, इतकंच.

थांबल्यावर कळलं की एका डोक्यावर दोन जातींचे केस नांदत नाहीत. वरचे सरळ, मेलेले. मुळाशी उगवणारे गुंडाळलेले, जिवंत. जिथे दोघे भेटतात तिथेच केस तुटतो. एका रविवारी लंडनमध्ये, हाउन्सलोच्या माझ्या फ्लॅटमध्ये, बाथरूमच्या आरशासमोर, मी सगळे सरळ केस कापून टाकले. उरले ते बोटभर होते, पण माझे होते.

त्यानंतर मी सल्ले ऐकू लागले, हा माझा मूर्खपणा. इंटरनेटवर नैसर्गिक केसांचे बुवा आणि बाया गल्लोगल्ली बसलेत. एकीने सांगितलं शिया बटर, दुसरीने ॲव्होकॅडो, तिसरीने भाताची पेज. मी अर्धा फ्रिज डोक्यावर रिकामा केला. त्यांतल्या निम्म्या जणींचे केस विकत घेतलेले होते, हे नंतर लक्षात आलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

केसांना हवं होतं पाणी. साधं पाणी. असा केस वळणावळणाचा, त्यामुळे टाळूचं तेल टोकापर्यंत पोचतच नाही, आणि इथल्या हीटिंगमध्ये उरलंसुरलंही वाळून जातं. म्हणून आधी केस ओले करायचे, भागाभागाने. मग ओल्यावर कंडिशनर चोळायचा आणि तो न धुता तसाच ठेवायचा. त्यावर दाट क्रीम, आणि सगळ्यांत शेवटी तेलाचा हात, तोही आतलं पाणी उडू नये एवढ्यापुरता. रुंद दातांचा कंगवा टोकाकडून मुळाकडे न्यायचा, ओल्या केसांतच. मग पिळाच्या वेण्या घालायच्या आणि झोपताना सॅटिनची टोपी. हे इतकंच आहे. एवढंसं समजायला दोन खंडांतल्या दोन घराण्यांना एक पिढी पुरली नाही.

आई राहायला आली तेव्हा मी तिला हे सगळं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. ती माझ्या पाण्याच्या स्प्रेकडे बघून म्हणाली, "कुंड्यांना मारतात ते डोक्याला काय मारतेस? सर्दी होईल." आणि मी टीव्ही बघत असताना मागून येऊन कोरड्या केसांवर पसाभर खोबरेल ओतलं. वर बारीक दातांचा कंगवा, तोही मुळापासून. कंगव्याचे दोन दात तुटले, तर म्हणते, "काय राठ केस आहेत!" नाचता येईना, अंगण वाकडं. कोरड्यावर तेल बसलं की पाणी आत शिरत नाही. पुढचा आठवडाभर माझे केस वरून चकचकीत आणि आतून खडखडीत होते.

तेवढ्यात लंडनमध्येच पिनरला राहणाऱ्या मावशीचा फोन आला. मावशी आईची धाकटी बहीण, डॉक्टर. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि करवली मी होते. नवरीमागे कऱ्हा घेऊन उभं राहायचं, हा मान लहानपणापासून माझाच ठरलेला. मावशीचं बोलणं नेहमीच ओशट.

"अगं, तू ब्यूटिफुल आहेस, इट्स नॉट अबाउट दॅट. पण मुलाकडचे जरा ट्रॅडिशनल आहेत. जस्ट वन्स स्ट्रेट कर ना. फोटोज फॉरएव्हर असतात."

"आणि नाही केले तर?"

"तर मग... करवली दुसरी कोणीतरी बघू. यू विल बी मोअर कम्फर्टेबल, ना?"

माझ्या आरामाची काळजी करणारे लोक मला रिलॅक्सरपासून ओळखू येतात. मी फोन ठेवला. करवलीपण गेलं त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण फोन स्पीकरवर होता, आई समोर बसून सगळं ऐकत होती, आणि ती काय म्हणते यावर माझा जीव टांगला होता.

आई म्हणाली, "एकदाच कर गं. माझ्यासाठी."

मी भडकून उठले. मग ती हळूच म्हणाली, "तू लहान असताना बसमध्ये बायका विचारायच्या, इज शी युअर्स? रोज कोणीतरी. केस सरळ केले आणि विचारणं थांबलं."

म्हणजे ती सगळी आग, त्या खपल्या, बसमधल्या परक्या बायकांचं तोंड बंद करण्यासाठी. मला रडूही आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "मी नाही करणार. विचारलं कोणी तर सांग काय सांगायचं ते." पुढचे कितीतरी दिवस आम्ही जेवणाखाण्यापुरतंच बोललो.

लग्नाला मी पाहुणी म्हणून गेले. केस मोकळे, ओले करून, क्रीम लावून, फुलवलेले. आईचा गुडघा दुखत होता म्हणून तिचा एक हात माझ्या हातात, दुसऱ्यात काठी, तिची पर्स माझ्या खांद्यावर. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. स्टेजवर कऱ्हा घेऊन मावशीच्या एका मैत्रिणीची मुलगी उभी होती, इस्त्री केल्यासारख्या केसांची. मंगलाष्टकं सुरू झाली.

शेजारी मुलाकडच्या एक बाई होत्या, पैठणी नेसलेल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्यासमोरच, मला मराठी कुठून कळायला या भरवशावर, आईला म्हणाल्या, "बरं झालं हो, सांभाळायला केअररला बरोबर आणलंत. काळ्या मुली कामाला दणकट असतात. कुठल्या एजन्सीची?"

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे तयार असलेलं मराठी त्या बाईंनी आयुष्यात ऐकलं नसतं. पण मी आईकडे पाहिलं आणि थांबले. एवढी वर्षं तिने टाळलेला प्रश्न भर मांडवात येऊन बसला होता, आणि मला तिचं उत्तर हवं होतं.

आईने हातातल्या अक्षता पदरात टाकल्या, काठी टेकली आणि उभी राहिली. वॉर्डात ओरडायची तो तिचा आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला.

"एजन्सी कसली? माझ्या पोटची आहे. केसांसकट!"

मंगलाष्टकं चालू होती, तरी ते स्टेजवर मावशीला ऐकू गेलं.