रोटाचं पीठ

मी इंजिनिअर रेजिमेंटमधून निवृत्त झालेला हवालदार. पूल बांधणं, सुरुंग काढणं आणि पूर आला की बोटी घेऊन धावणं हे आमचं काम. आसामात बोट चालवली, ओडिशात चालवली. पण लोक मला अजून विचारतात ते माझ्याच खान्देशातल्या पुराबद्दल, गिरणाकाठच्या.

श्रावणातला रविवार होता. वरच्या धरणातून मोठा विसर्ग होणार असा निरोप आला आणि आमचा कॉलम, म्हणजे मदत तुकडी, निघाला. माझं गाव पारोळ्याच्या बाजूचं. मेजरसाहेबांनी यादीत माझं नाव मुद्दाम घातलं होतं.

"तुम्हारे इलाके की बोली आती है ना? लोगों से बात तुम करोगे."

"जी सर."

माझ्या बोटीवर लान्स नाईक बलविंदर सिंग होता. होशियारपूरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. बोटीचं इंजिन कुरकुरलं तर तो त्याला आधी पंजाबीत शिव्या देई आणि मग पाना हातात घेई. संध्याकाळी धुळ्याला हायवेवर जेवायला थांबलो. मी त्याला शेवभाजी खाऊ घातली. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी.

"उस्ताद, ये दुश्मन के लिए बनाते हो या मेहमान के लिए?"

"जो पूरी खा ले, वो मेहमान."

पठ्ठ्याने वाटी पुसून खाल्ली.

मुक्काम भडगावच्या खालच्या अंगाला, एका गावाच्या शाळेत पडला. शाळा उंचावर होती. काठच्या आळीतली घरं तलाठी आणि पोलीस पाटलांनी रविवारीच रिकामी करायला घेतली होती. सकाळी चहा घशाखाली उतरतो न उतरतो तोच वायरलेस सेट बोलला. टायगर म्हणजे मेजरसाहेबांचं ठाणं, वन म्हणजे माझी बोट.

"टायगर फॉर वन. पानी दो घंटे में और चढ़ेगा. किनारा खाली करो. ओव्हर."

"वन फॉर टायगर. रॉजर. आउट."

पोलीस पाटील तोंड पाडून उभे होते. म्हणाले, "बठ्ठा उनात भाऊ. एकच घर बाकी शे. धनाअक्कानं. कानबाई बठेल शे."

बाकी सगळे वर आले होते, उरलं ते एकच घर, आणि तिथे कानबाई बसलेली. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, साज चढवलेली, पाटावर मांडलेली. सुरतेला, मुंबईला गेलेले भाऊबंद त्या दिवशी थोरल्या घरी परततात. रात्रभर जागरण होतं आणि सोमवारी आरती करून, देवीला डोक्यावर घेऊन, वाजतगाजत नदीवर नेतात. त्याआधी तिला जागेवरून हलवत नाहीत. म्हणजे पुराच्या दिवशी गावातलं सगळ्यात भरलेलं घर नेमकं नदीकाठी होतं, आणि ते उठणार नव्हतं.

बोट घेऊन आम्ही आळीत शिरलो. धनाअक्काचं घर धाब्याचं. धाबं म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर घातलेलं सपाट छप्पर. उन्हाळ्यात त्यासारखा गारवा नाही. पण आठवडाभराच्या पावसाने तीच माती पाणी पिऊन जड होते, आणि खालून पुराचं पाणी भिंतीचा पाया खातं. घरातली तरणी पोरं उंच आणि सुरक्षित जागा म्हणून नेमकी त्याच धाब्यावर चढून बसली होती. मी ओरडून त्यांना खाली उतरवलं.

आत ओटीवर देवी होती. समोर अक्का. सत्तरीच्या पुढची, कपाळावर आडवं कुंकू पुसल्याची जुनी खूण, आवाज मात्र सुभेदाराचा. मी म्हणालो, "अक्का, निंघा. पानी वाढी ऱ्हायनं."

"माय बठेल शे भाऊ. तिले असं हालाडता येत नही. तुम्ही पोरेसले लई जा. मी तिनाजोडे बठस."

तिचा थोरला मुलगा भिका हात बांधून उभा होता. तो म्हणाला, "अक्का उठत नही तं आम्हीबी उठत नही." मागच्या सगळ्यांनी माना हलवल्या.

बलविंदरने कानाशी विचारलं, "उस्ताद, दादी को उठा लूँ?"

"हाथ मत लगाना. पूरा गाँव वापस उतर आएगा."

मला राग आला होता. पण कानबाई माझ्याही घरी बसते. माझी आई तरी उठली असती का? बूट उंबऱ्याबाहेर पाण्यातच काढून ठेवले, आत गेलो, देवीसमोर डोकं टेकलं आणि अक्काकडे वळलो.

"अक्का, दरसाल मायले गिरणावर कोन लई जास?"

"आम्हीच. आखो कोन?"

"मंग यंदा गिरणाच तिले लेवाले दारमा उनी. लेवाले आयेल मानूसले ताटकळत ठेवतस का?"

नदीच देवीला न्यायला दारात आली, हे मी तिला गुंडाळायला बोललो नव्हतो. पाणी उंबऱ्यावरून आत येत होतं आणि त्या घडीला मला ते खरंच तसं वाटलं. अक्काने पाण्याकडे पाहिलं. मग भिकाकडे.

"आरती करा. झट करा."

दोन कडव्यांत आरती उरकली. अक्काने पाट स्वतःच्या डोक्यावर घेतला. बलविंदरने पगडीला हात लावून वाट करून दिली, मग वाकून स्वतःची मांडी तिला पायरीसारखी दिली. देवी पहिली बोटीत बसली. तिच्यामागे लेकरं, बाया, मग गडीमाणसं. फेऱ्या करत आम्ही सगळ्यांना शाळेच्या उतारावर सोडलं. शेवटच्या फेरीला भिकाची बायको बोटीत बसली आणि मागे पाहू लागली.

"हाई कोठे ऱ्हायनात?"

"कौन?" बलविंदर म्हणाला.

"भिकाभाऊ." मी म्हणालो. "वहिनी, कोठे गयात?"

"रोटनं पीठ लेवाले."

रोट म्हणजे कानबाईसाठी दळलेलं पीठ. त्याच्या पोळ्या फक्त भाऊबंदांनी खायच्या. कणभरही घराण्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, वाया जाऊ द्यायचं नाही, हा नेम. पुरात ते पीठ गावभर वाहून जाणार, परक्याच्या पायाखाली येणार, हे भिकाला सहन झालं नाही. दागिने राहिले होते, सातबाऱ्याचे उतारे राहिले होते. त्यांच्यासाठी तो मागे फिरला नाही. दुसरीकडचा कुणी असता तर त्याला हे वेड वाटलं असतं. मला ते समजत होतं, आणि म्हणूनच मी जास्त संतापलो.

"उस्ताद, मैं लाता हूँ," म्हणत बलविंदरने बोटीतून उडीही टाकली होती. कमरेएवढ्या पाण्यातून तो दारात शिरला. आतून त्याचा आवाज आला, "चलो भाई, चलो!" मग लाकूड मोडल्याचा आवाज. भिका दारातून बाहेर फेकला गेला. मागून कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तसा. छातीशी पिठाचा डबा तसाच. त्याच्या मागे धाबं खाली आलं.

"टायगर, वन. जवान मलबे के नीचे. आदमी भेजो. ओव्हर."

"वन, टायगर. कौन जवान? ओव्हर."

"बलविंदर. ओव्हर."

 "आ रहे हैं. आउट."

आम्ही हातांनी माती उपसली. भिका आमच्यात होता, बोटांतून रक्त आलं तरी हटला नाही. बलविंदर सापडला तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं. मी रडलो. जवानांसमोर, गावासमोर, मोठ्याने रडलो, आणि मेजरसाहेबांनी मला थांबवलं नाही.

शवपेटी घेऊन त्याच्या गावी मी गेलो. सलामी झाली, माणसं पांगली, तेव्हा त्याच्या आईने मला जवळ बसवलं. "वो आदमी अंदर क्या लेने गया था, बेटा?"

मला सांगायची लाज वाटत होती. "आटा, माँ जी. देवी का."

 "आटा छोटी चीज नहीं होती," ती म्हणाली.

निवृत्तीनंतर मी जिल्ह्यात गावोगावी पूरतयारीची शिबिरं घेतो. भडगावकडे जातो, रावेरला केळीवाल्यांच्या वस्त्यांवर जातो, बोलावलं तर धुळ्यालाही. दाराजवळ एक पिशवी भरून ठेवा, कागद प्लॅस्टिकमध्ये ठेवा, औषधं आणि टॉर्च हाताशी असू द्या, भिजलेल्या धाब्यावर चढू नका, गोठ्यातली दावी वेळेत सोडा, हे सगळं सांगतो. लोक जांभया देत ऐकतात. सरकारी भाषण आणि शिळी भाकरी, दोन्ही चावून चावून खायची. मग मी विचारतो, तुमच्या घरात अशी कोणती गोष्ट आहे, जी सोडून तुम्ही निघणार नाही? तेव्हा जांभया थांबतात. कुणी देव सांगतं, कुणी म्हैस. एका मशिदीमागच्या आळीत एका म्हाताऱ्या विणकराने बापाचा माग सांगितला. मी म्हणतो, त्या गोष्टीची सोय आजच लावा. पाणी आल्यावर वाद घालायला वेळ नसतो, आणि तुमच्या वादात दुसऱ्याचं पोरगं आत जातं.

धनाअक्काच्या भाऊबंदांनी सोय लावली. त्यांची कानबाई आता शाळेजवळच्या पुतण्याच्या घरी बसते. गेल्या श्रावणात त्यांनी मला बोलावलं. मी पोहोचलो तेव्हा रोटाचे गहू काढणं चाललं होतं. त्यांच्या घराण्यात प्रत्येक पुरुषाच्या नावाने एक मूठ गहू घेतात. अक्का एकेक नाव घेत होती, सुपात मूठ टाकत होती. मुलं झाली, नातू झाले, सुरतेचे पुतणे झाले. नावं संपली. अक्काने पुन्हा हात पोत्यात घातला.

"बलविंदर," ती म्हणाली.

एक चुलत दीर पुटपुटला, "अक्का, तो आपला भाऊबंद नही ना."

"मना भिकाले घरमातीन कोनी काढं? तू काढं का?"

 मूठ सुपात पडली.

सोमवारी पोळ्या झाल्या. मी त्यांचा भाऊबंद नाही, तेव्हा नेमाप्रमाणे बाहेर ओट्यावर बसलो होतो. खान्देशात जन्मून मला त्या रोटातला तुकडा नाही, आणि त्या पंजाब्याला अख्खा वाटा. त्याला कळलं असतं तर त्याने मला वर्षभर चिडवलं असतं. आत अक्काने त्याचं ताट वाढायला लावलं. ते अन्न टाकता येत नाही, म्हणून भिका त्याच्या ताटावर बसला आणि मान खाली घालून त्याने ते शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.