बर्मावाल्या नानांची ढेप

बर्मावाले नाना चहाचं पहिलं पाणी घोटही न घेता मोरीत ओतून देत. पारोळ्यात शाळामास्तर म्हणून त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायला आलो, तेव्हा आधी हेच नजरेत भरलं. गुळाचा चहा चोथ्यापर्यंत पिणारी आमची गल्ली. विचारलं तर म्हणत, "पहिलं पानी त्याले जागं कराले. दुसरं आपले पेवाले."

दूध नाही, गूळ नाही. चिमूटभर काळ्या चुऱ्यावर उकळतं पाणी पाच-सहा वेळा घालायचं. रंग काकवीचा आणि वास नुकत्याच उघडलेल्या धान्याच्या पेवाचा. एकदा त्यांनी मलाही कप दिला. ते आत वळताच मी तो कुंडीत ओतला. हा चहा नव्हेच, अशी शंकेची पाल तेव्हाच मनात चुकचुकली.

आढ्याला बांबूची एक टोपली टांगलेली असे. तिच्या आसपास नाना मसाला कुटू देत नसत, उदबत्तीही लावू देत नसत.

"देवले तरी लावू द्या ना, नाना!" मुलगी इंदू वैतागे.

"देव वाट देखी. टोपलीले वास लागाले नको."

एकदा झाकण सरकलं आणि आत कागदात गुंडाळलेली काळी, गोल ढेप दिसली. काय आहे विचारलं, तर नाना डोळा मिचकावून म्हणाले, "लगीनमा समजी, मास्तर." इंदूचं लग्न शिरपूरला ठरलं होतं.

दारूबंदी नुकतीच कडक झाली होती. काळा कुजका गूळ म्हणजे हातभट्टी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शाळेत दारूबंदीवर भाषणं मीच देत असे. गुपचूप चौकीवर जाऊन सांगून आलो. नानांना आणखी एक प्रश्न विचारला असता तरी भागलं असतं. पण मला उत्तर नको होतं, चोर हवा होता.

भरदुपारी शिपाई टोपली घेऊन गेले. गूळ आहे का बघायला ढेप बादलीत भिजत घातली. दोन दिवसांत शिरपूरहून निरोप आला, दारूवाल्याची मुलगी नको.

नाना माझ्याकडेच आले. "मास्तर, तुमनं अक्षर चांगलं शे. अर्ज लिखी द्या."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. मंडालेच्या लाकडाच्या वखारीत ते कामाला होते. इंदू जन्मली त्या दिवशी तिथल्या एका चिनी सुतार मित्राने युन्नानच्या डोंगरातली ही चहाची ढेप दिली. पानं वाफवून दाबायची आणि वर्षानुवर्षं आंबू द्यायची; हवा लागू द्यायची, ओल नाही. पोर मोठी होते तसा चहा मुरतो, कडूपणा जाऊन घशाशी गोडी उतरते. रोजचा चुरा वेगळा, जुन्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून मागवलेला; ही ढेप फोडायची ती इंदूच्या लग्नात. लढाईत पळताना नानांनी भांडीकुंडी टाकली. इंदूला खांद्यावर घेऊन, ढेप कमरेला बांधून चालत आले.

"दोस्त जित्ता शे का नही, माहीत नही," नाना म्हणाले. "लगीनमा त्यानाकडथून एवढंच व्हतं."

माझा टाक थांबला.

"लिखा ना, मास्तर."

मी लिहिलं.

अर्जाचा उपयोग झाला. ढेप गुळाची नव्हे, असा कागद मिळाला आणि तो बघून शिरपूरकर नरमले. ढेप मात्र बादलीत फुगून सडली होती. शिपायाने ती केव्हाच उकिरड्यावर टाकली होती.

मांडवात सगळ्यांना गुळाचा चहा दिला. नानांनी मला व्याह्यांच्या रांगेत बसवलं, अंगावर उपरणं घातलं, हातात नारळ दिला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "या मास्तरमुये मनी पोरनं लगीन व्हयनं!"

मी नारळ कपाळाला लावला. म्हणालो, "त्यात काय नाना, माझं कर्तव्यच होतं."

त्यानंतर सात वर्षं, देवाघरी जाईपर्यंत, नाना भिंतीपलीकडेच होते. रोज सकाळी "मास्तर!" अशी हाक मारत. मी ओ देत असे.