दिया बढा दो

काकूच्या गोंदियातल्या घरी लाईट आली आणि तिनं सगळे कंदील माळ्यावर फेकले. आता यांचं काय काम, असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. मला बघायला बालाघाटकडची मंडळी येणार असं ठरलं, तेव्हा तिनंच हट्ट धरला, पोरगी आमच्या गावी दवनीवाड्याला नाही, इथंच दाखवायची. "बल्बाच्या उजेडात रंग उजळ दिसते," म्हणाली. माझ्या रंगाची आमच्या घरात सगळ्यांनाच काळजी होती. आईनं मुकाट्यानं मला तिच्या हवाली केलं.

दिवेलागणीला मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील आणि आत्याबाई. बोलणं सगळं हिंदीत, आणि माझी हिंदी बाजारापुरती. चहा देताना मी मुलाकडे चोरून पाहिलं. कप तापलेला होता, म्हणून त्यानं तो माझ्या हातातून घाईनं काढून घेतला. एवढंच. पण मला तो आवडला, लपवू कशाला? हे जमावं असं मला मनापासून वाटलं.

तेवढ्यात लाईट गेली. काकूची नुसती धांदल उडाली. टॉर्चचे सेल उतरलेले, मेणबत्ती घरात नाही, चिमणीत तेल नाही. देवापुढची समई आणावी तर काका म्हणाले, ती हलवायची नाही. काका मेणबत्ती आणायला दुकानात गेले. शेवटी माळ्यावरचा, तळाशी थोडं तेल उरलेला एक कंदील उतरवून तिनं पेटवला, माझ्यापुढे ठेवला आणि ती चिवडा आणायला आत गेली.

ती आत असतानाच बल्ब आपोआप लागला. सगळे हसले. आत्याबाई म्हणाल्या, "बिटिया, अब दिया बढा दो."

मी गोंधळले. बल्ब लागला, आता यांना आणखी उजेड कशाला? मग वाटलं, माझा रंग नीट बघायचा असेल. मी वात वर केली.

"अरे, बढा दो ना!"

आणखी वर केली. ज्योत भडकली, काच काळी पडली.

"बढा दो, बढा दो!" त्या ओरडल्या. मी होती नव्हती तेवढी वात वर काढली आणि काच ताडकन फुटली.

आवाज ऐकून काकू धावत बाहेर आली. आत्याबाईंनी उठून स्वतः कंदील विझवला, मग माझ्या मागे येऊन कानाजवळ जोरात टाळी वाजवली. मला चांगली ऐकू आली. पण बघायला आलेल्यांसमोर मान वर करायची नाही, ही आमची रीत. ही त्यांच्याकडची काहीतरी परीक्षा असावी, असं मला वाटलं. दुसऱ्या टाळीला मी मान आणखी खाली घातली आणि मनातून खूश झाले, पास झाले म्हणून.

मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण ऐकू येत नाही.

"काऊन वं, मांगं पाहाले काय झालं होतं तुले?" काकू कडाडली.

"तूच त म्हनली होतीस, मान वर करू नोको."

माझं काय चुकलं ते मला कळेना. वाढव म्हणाल्या, मी वाढवला.

पुढे एकदा काकूबरोबर बाजारात कापड घ्यायला गेले. संध्याकाळ झाली होती. शेठ नोकराला म्हणाला, "चलो, दुकान बढाओ." नोकर फळ्या लावायला लागला. मी विचारलं, वाढवा म्हणतो आणि बंद कायले करून राहिला?

"बंद कर असं म्हनू नाही, अशुभ असते," काकू कापड चाचपत म्हणाली. "आपून बांगडी वाढवली म्हनतो ना, तसंच. दिव्यालेई ते हिंदीवाले विझव नाही म्हनत, बढा दो..."

तिनं कापड खाली ठेवलं आणि ती माझ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "निरोप धाडू का वं?"

मी नको म्हटलं. त्या मुलाचं लग्न झाल्याचं आम्हाला कळून बरेच दिवस झाले होते. मला ऐकू येतं, एवढं तरी त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.